मामांचं पेडल

(कोल्हापूर, शिवाजी पेठ. जुन्या घराचा माळा. पोत्यातून एक काळं, धुळकट पेडल बाहेर येतं.)

मामांचा की-बोर्ड बंद पडला आणि भंगारात गेला. त्याचं सस्टेन पेडल, म्हणजे पायानं दाबलं की सूर धरून ठेवणारं, मात्र मामांनी टाकलं नाही. जत्रेतले ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, लग्नाची रिसेप्शनं, सगळीकडं हे पेडल त्यांच्या उजव्या पायाखाली होतं. वरचं रबर एका बाजूला जास्त झिजलंय. मामांचा चवडा तिथंच पडायचा.

भाचा गिटार वाजवतो. त्यानं एक डिले घेतलाय, सेकंडहँड. वाजवलेला सूर थोड्या वेळानं प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं यंत्र. बाहेरून टॅपचा स्विच, म्हणजे पायानं ठोके देऊन वेग सांगायचा स्विच, जोडायला त्याच्या मागं एक जादा जॅक आहे. तयार फूटस्विच घ्यायचा म्हणजे पुन्हा पैसे साठवणं आलं. मामा म्हणाले, "आरं, पिन तर तीच हाय की. लावून बघ."

(पिन जवळून दिसते. टोक, काळी रेघ, मागचा भाग.)

पिन खरंच तीच. पाव इंची, ६.३५ मिलिमीटरची, गिटारच्या केबलला असते तशी. पण ती बसली म्हणजे काम झालं असं नाही. गिटारच्या केबलीतून आवाज जातो. सस्टेनच्या केबलीतून आवाज जातच नाही. आत दोन तारा आणि एक स्विच, बस्स. तारा जुळल्या आहेत की सुटल्या आहेत, एवढंच समोरच्या यंत्राला कळतं. त्या इशाऱ्यावर सूर धरून ठेवायचा की डिलेचा वेग मोजायचा, हे यंत्र ठरवतं. म्हणून की-बोर्डचं पेडल गिटारच्या कामी येऊ शकतं.

आणि वेग मोजणं ही आपल्याकडं हौसेची गोष्ट नाही, गरजेची आहे. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर एका ठोक्याला ५०० मिलिसेकंद लागतात. डिले तेवढ्यावर लावला की प्रतिध्वनी बरोबर ठोक्यावर येतो. पण आपला ढोलकीवाला रंगात आला की लय चढवतोच, आणि चढवायलाच पाहिजे. १२० ची १२६ झाली, की ठोका ४७६ मिलिसेकंदांवर येतो. पहिला प्रतिध्वनी २४ मिलिसेकंद मागं पडतो, दुसरा ४८. ऐकणाऱ्याला आकडा कळत नाही, पण गाणं चिखलात रुतल्यासारखं वाटतं. गिटारवाल्याचे दोन्ही हात तारांवर, वाकून बटण फिरवायला सवड कुठली? राहतो तो पाय.

(संगीत नाटकातला जुना पायऑर्गन. भात्याच्या फळ्यांवर दोन पाय.)

कोल्हापूरला हे नवीन नाही. संगीत नाटकांत ऑर्गनवाला दोन्ही पायांनी भाता हलवायचा, म्हणून त्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असायचे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये इथं पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा अख्ख्या गावाला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं. हातानं सूर आणि पायानं श्वास, ही सवय या गावाला संगीत नाटकांपासूनची.

(टेबलावर मल्टीमीटर.)

भाच्यानं पेडल लावलं. चाललं, पण विचित्र. ठोका पाय दाबल्यावर मोजला जायचा नाही, उचलल्यावर मोजला जायचा. कारण साधं आहे. काही पेडलमधला स्विच पाय नसताना सुटलेला असतो, त्याला नॉर्मली ओपन म्हणतात. काहींत पाय नसताना जुळलेला असतो, तो नॉर्मली क्लोज्ड. बरेच की-बोर्ड चालू होताना स्विच कसा आहे ते तपासून घेतात. म्हणून तर चालू करताना सस्टेनवर पाय ठेवू नये, नाहीतर सगळं उलटं होतं. भाच्याच्या डिलेला तेवढं कळत नव्हतं.

मल्टीमीटर बीपवर ठेवला, म्हणजे तारा जुळलेल्या असल्या की तो वाजतो; एक टोक पिनेच्या शेंड्याला, दुसरं दांड्याला. पाय नसताना बीप वाजली. म्हणजे क्लोज्ड.

काही पेडलच्या बुडाला ही दिशा बदलायची छोटी कळ असते, आधी ती शोधावी. मामांच्या पेडलला नव्हती. मग चार स्क्रू काढले. आत घरातल्या विजेचा संबंध नसतो, त्यामुळं उघडायला भ्यायचं कारण नाही. आत एक मायक्रोस्विच निघाला, तीन पायांचा. कॉमन पायाची तार तशीच ठेवली, दुसरी तार एन-सी (नॉर्मली क्लोज्ड) वरून काढून एन-ओ (नॉर्मली ओपन) वर सोल्डर केली. दहा मिनिटांचं काम. पुन्हा बीप तपासली. आता पाय दाबल्यावर वाजली.

हा स्विच दाबून धरेपर्यंतच चालू राहतो. बॉस कंपनीचा एफएस-५यू फूटस्विच असाच आहे, एफएस-५एल मात्र एकदा दाबला की अडकून राहणारा. अँपचा चॅनेल बदलायला बहुधा अडकून राहणाराच लागतो. तिथं सस्टेन लावलं तर पाय उचलताच चॅनेल परत येतो. आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो: अँपच्या स्पीकर आउटला हे पेडल कधीही लावू नका. पाय पडला की आउटपुट शॉर्ट होतं, अँप जळू शकतो.

की-बोर्डचं एक्स्प्रेशन पेडल असेल तर गोष्ट वेगळी. त्याला स्टिरिओ पिन (टोक, रिंग आणि दांडा असे तीन भाग) आणि आत पोटेन्शिओमीटर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणासारखा फिरणारा भाग असतो. त्याची मधली तार कुणी पिनेच्या टोकाला जोडतं, कुणी रिंगला. ती जुळली नाही तर पाय हलवताना आवाज मधेच उडी मारतो.

(शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज. लोखंडी पट्टी कापली जातेय.)

राहिला घसरण्याचा त्रास. हलकं प्लास्टिक, स्टेजवर पाय मारला की पुढं पळतं. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ५ मिलिमीटर जाडीची एमएसची (साध्या पोलादाची) प्लेट कापून घेतली, १०० बाय २५० मिलिमीटर. वजन जवळपास १ किलो. खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. आता पेडल जागचं हलत नाही. मला या सगळ्यात ही प्लेटच सगळ्यात जास्त आवडली. जिथं इंजिनाचे पार्ट बनतात, त्याच लेथच्या शेजारी एका पोराच्या गाण्यासाठी लोखंड कापलं गेलं.

(सरावाची खोली. ढोलकी, गिटार. मामा कोपऱ्यात खुर्चीवर.)

ढोलकी चढते. भाचा पेडलवर चार ठोके देतो. प्रतिध्वनी पुढं सरकतो, लयीत बसतो. मामा डोळे मिटून ऐकतात. मग हात वर करून थांबवतात.

"पाय जरा आधी टाक. ठोक्यावर पडायला पायजे, ठोक्यामागनं न्हवं."

भाचा मान डोलावतो आणि पुन्हा सुरू करतो.