रोडग्यांच्या पंगतीतला कॅमेरा

नमस्कार, श्रोतेहो. जिथं एकही फोटो दाखवता येत नाही अशा जागी बसून मी फोटोंविषयी बोलणार आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आमच्या गावात अजूनही कॅमेरा दिसला की बसलेला माणूस उठतो, सदऱ्याचं वरचं बटण लावतो आणि श्वास रोखून धरतो. माझ्याकडे आधी मोठा कॅमेरा होता. बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा, खटॅक! त्या आवाजासरशी पानठेल्यावरच्या गप्पा बंद आणि सगळे पोट्टे ताठ. लग्नाला ठीक होतं, पण दोस्तांचे सगळे फोटो आधार कार्डावरच्यासारखे यायचे.

मग एक जुना, खिशात मावणारा रोलचा कॅमेरा घेतला. त्यात आरसाच नाही. शटर भिंगाच्या आत, बारीक पात्यांचं. आवाज तुरीची वाळकी शेंग तडकावी एवढा. रोल अंगठ्यानं चाक फिरवून पुढे सरकवायचा. भिंग ३५ मिलिमीटरचं. अॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत येण्याचं भोक, एफ ८ या आकड्यावर आणि फोकस अडीच मीटरवर ठेवला की साधारण पावणेदोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. म्हणजे पंगतीत समोर बसलेला माणूस त्यात आलाच. डोळ्याला कॅमेरा लावून खुडबुड करत बसायचं काम नाही. अंधार पडला की मात्र ही सोय संपते. तेव्हा मी कॅमेरा खिशात घालतो आणि जेवायला बसतो.

हे माझं डोकं नव्हे. आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामात, कनू गांधींनी बापूंचे फोटो काढले, त्यांना बापूंच्या अटी होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा असतो. चेहरा झाकला जात नाही, फोटो काढणारा नुसता मान खाली घातलेला दिसतो. बापूंची तिसरी अट माझ्या बायकोनंही घातली आहे.

परवा शेतात रोडग्यांचा बेत होता. गोवऱ्यांच्या विस्तवातून रोडगे काढले, आणि एक दोस्त गरम रोडगा या हातातून त्या हातात झेलत राख झटकत होता. तोंडानं फुंकर, डोळे बारीक, मिशीवर राखेचा ठिपका. मी वरण वाढायच्या रांगेत होतो, तिथूनच बटण दाबलं. त्याला फक्त रोडगा दिसत होता.

पण आवाज येत नाही म्हणून चोरून काढायचं नाही. माझ्या खिशात कॅमेरा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून विसरतात, तेवढंच मला हवं. एकदा चुकलो. एक दोस्त धुऱ्यावर बसून फोनवर कापसाच्या चुकाऱ्यासाठी विनवण्या करत होता, तेव्हा काढला. फोटो चांगला होता, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. त्याची निगेटिव्ह मी कापून त्याच्याच हातात दिली. तो काही बोलला नाही, बिडीच्या बंडलात ठेवून दिली.

रोलचा आणखी एक फायदा. लगेच कोणी “दाखव बे” म्हणत नाही. रोल धुऊन यायला पंधरा दिवस लागतात, तोवर सगळे विसरलेले असतात. रोडग्याचा प्रिंट आला तेव्हा मी तो पानठेल्यावर नेऊन दिला. दोस्तानं चुना मळता मळता पाहिला, हात पुसला, परत पाहिला.

“काहून बे, आवडला नाही का?”

“हा मी नाही ना बे,” तो म्हणाला. “हा तर माहा बाप बसला आहे.”