मेणवलीच्या घाटावर, सकाळी

वाईपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, कृष्णेकाठी मेणवलीचा घाट. नाना फडणवीसांनी बांधलेल्या या दगडी पायऱ्यांवर सकाळी साडेसातलाच मुलं बोर्ड मांडीवर घेऊन बसली आहेत.

समोर नदी, देवळं, डोंगर. आणि कागदावर? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी. हे चित्र मुलांच्या हाताला इतकं बसलंय, की मान वर करायचीही गरज पडत नाही.

सर खोडरबर मागत नाहीत. कागद उलटा करायला लावतात.

‘डोळे बारीक करा. आता काय दिसतंय?’

डोळे किलकिले केले की दगडांच्या फटी, झाडांची पानं विरून जातात. उरतात उजेडाचे आणि सावलीचे मोठे तुकडे. आधी तेवढेच काढायचे.

मग डोंगर. सगळ्यांच्या ब्रशला हिरवा लागलाय. सर झाडाचं एक पान तोडून मुलीच्या हातात देतात. हात लांब कर, पान डोंगराशेजारी धर. ती एक डोळा मिटते. पान हिरवंगार. डोंगर निळा! मधल्या एवढ्या हवेतून बघताना लांबचं सगळं फिकं, निळसर होत जातं. म्हणून मागचा डोंगर पाणी जास्त घेऊन पातळ रंगवायचा आणि पुढची पायरी दाट रंगात.

हे जलरंग, म्हणून पांढऱ्या रंगाची ट्यूब इथे कुणी उघडत नाही. पायरीच्या कडेवर पडलेलं ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागद. काळी ट्यूब तर सरांनी सकाळीच जमा केली. सावलीसाठी अल्ट्रामरीन ब्लू, म्हणजे गडद निळा, आणि त्यात थोडा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. पॅलेटवर बघा, दगडाचा करडा रंग कसा तयार होतोय.

एकजण घाटावरच्या घुमटीत टांगलेल्या 1707 सालच्या पोर्तुगीज घंटेवरची नक्षी काढायला बसलाय. सर म्हणतात, ‘आधी घुमटीतला अंधार लाव बाळा, घंटा आपोआप पुढे येईल.’

आपल्याकडे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठी बसून रंगवणारे चित्रकार आबालाल रहिमान होऊन गेले. तरी शाळेतल्या मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना वस्तुचित्र आहे, स्मरणचित्र आहे, उघड्यावर बसून काढायच्या निसर्गचित्राचा पेपर नाही. मग वर्ग बाहेर पडत नाहीत.

दहा वाजले. ऊन पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आलंय. चित्रं वाळत ठेवलीत, प्रत्येकावर एकेक खडा.

थोडा वेळ नुसती बघूया.