एका तारखेच्या दोन स्पर्धा

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

जत्रांचा हंगाम जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची माणसं येतात, फडमालकाशी बोलणी करतात, सुपारी देतात आणि तारीख पक्की करून जातात. चैत्री पौर्णिमेला जत्रा असलेली गावं ढीगभर, नावाजलेले फड मोजके. त्या रात्री फड एकाच गावात उभा राहणार. कुठल्या गावात, हे फडमालक ठरवतो. ढोलकीवाल्याची बोटं मात्र दोन्हीकडे तीच लागणार असतात.

आज मला ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धांच्या खेळाडूंबद्दल बोलायचं आहे, आणि सुरुवात इथूनच करावीशी वाटली. मी वकील आहे. गेली काही वर्षं या मुलांचे करार वाचतो. ‘सर, दोन स्पर्धा एकाच दिवशी आल्यात, कुठली खेळू?’ असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. करार उघडला की बहुतेक वेळा दिसतं, की हा प्रश्न त्या मुलाच्या हातात उरलेलाच नाही. त्याने सही केली त्याच दिवशी त्याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडे गेलेलं असतं.

मुळात तारखा एकमेकींवर का येतात? क्रिकेटमध्ये मंडळ आहे, वेळापत्रक त्याच्या हातात असतं. कितीही कुरबुरी होवोत, शेवटी एक कागद निघतो. इथे खेळ हाच एका कंपनीच्या मालकीचा असतो. ‘लीग ऑफ लीजंड्स’ची मालक असलेली रायट कंपनी वरच्या फळीचं वेळापत्रक बरंचसं स्वतःच्या हातात ठेवते. ‘काउंटर-स्ट्राइक’ची मालक असलेल्या व्हॉल्व्हने मात्र ‘मेजर’ म्हणवल्या जाणाऱ्या सर्वात मानाच्या स्पर्धा सोडल्या तर बाकीचं मैदान बाहेरच्या आयोजकांना मोकळं सोडलं. आयोजक अनेक, प्रत्येकाला तीच आठ-दहा नामांकित टीम हवी, आणि वर्षाचे आठवडे बावन्नच.

या काउंटर-स्ट्राइकमध्येच २०१६ साली असं काही घडलं, की करार वाचताना मला ते आजही आठवतं. त्या वर्षी सप्टेंबरात उत्तर अमेरिकेतल्या सात संघांच्या मालकांनी मिळून ‘पीईए’ नावाची संघटना काढली. टीएसएम, क्लाउड९, टीम लिक्विड, सीएलजी, इम्मॉर्टल्स, एनआरजी आणि कॉम्प्लेक्सिटी हे ते सात संघ. ते स्वतःची लीग काढणार होते आणि नफ्यातला निम्मा वाटा खेळाडूंना देणार होते. ऐकायला उत्तमच. पण या संघांची मुलं आधीपासून ईएसएल या आयोजकाच्या प्रो लीगमध्ये खेळत होती. दोन लीग शेजारी शेजारी चालल्या तर प्रेक्षक वाटले जातील, प्रायोजक वाटले जातील, म्हणून प्रो लीग सोडा, असं मालकांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पगार झपाट्याने वाढत होते, पैसा मालकांचा जात होता, आणि आपल्या मालकीचं काहीतरी उभं राहावं असं त्यांना वाटणं स्वाभाविक होतं.

डिसेंबरात पंचवीस खेळाडूंनी जाहीर पत्र काढलं. स्कॉट स्मिथ हा ई-स्पोर्ट्समधला जुना माणूस त्यांच्या वतीने बोलत होता. पत्राचा गाभा साधा होता: कुठे खेळायचं हे आम्ही ठरवू असं आम्ही धरून चाललो होतो, तसं आम्हाला सांगितलंही गेलं होतं, आणि आता कळतंय की तो हक्क आमचा नाही. त्याच सुमाराला टीएसएमने आपला कर्णधार शॉन गॅरेस याला संघातून मोकळं केलं. संघमालकाने आपली बाजू जाहीर मांडली, खेळाडूने आपली मांडली, खासगी संदेश चव्हाट्यावर आले. कुणाचं किती खरं, हा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण पुढचं सांगतो. जानेवारी २०१७ मध्ये कौल घेतला गेला तेव्हा खेळाडूंनी प्रो लीग निवडली आणि पीईएने आपली लीग बेमुदत थांबवली. गॅरेस आणि त्याचे सहकारी दुसऱ्या संघाच्या नावाखाली पुन्हा एकत्र खेळू लागले.

एकट्या खेळाडूने ‘मी इथे खेळणार नाही’ म्हटलं की तो करारभंग ठरतो. पंचवीस जणांनी एका सुरात म्हटलं तेव्हा त्यांना विचारावं लागलं. खेळाडूंची संघटना लागते ती एवढ्याचसाठी. काउंटर-स्ट्राइकच्या खेळाडूंची अशी संघटना २०१८ मध्ये उभी राहिली. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, सगळ्यांनी एकाच वेळी विश्रांती घ्यायची हा पायंडा पडला त्यामागे अशाच संघटित आवाजाचं बळ आहे.

आता दुसरी गोष्ट, डेन्मार्कच्या अॅस्ट्रॅलिस संघाची. २०१९ साली काउंटर-स्ट्राइकमध्ये हा जगातला पहिल्या क्रमांकाचा संघ होता. त्याची मालकी होती आरएफआरएसएच या कंपनीकडे, आणि ‘ब्लास्ट’ नावाची स्पर्धामालिकाही हीच कंपनी भरवत होती. म्हणजे फडही त्यांचा आणि जत्राही त्यांची! त्या वर्षी अॅस्ट्रॅलिसने सिडनीची आयईएम आणि डॅलसची ड्रीमहॅक या मोठ्या स्पर्धा सोडल्या आणि ब्लास्टच्या तारखा घेतल्या. लोक भयंकर चिडले. अॅस्ट्रॅलिसने मोकळ्या सोडलेल्या या दोन्ही मैदानांत टीम लिक्विड जिंकली, पुढे माँपेलिए आणि कोलोन इथल्या स्पर्धाही जिंकली, आणि चार स्पर्धांच्या ‘ग्रँड स्लॅम’चं दहा लाख डॉलरचं बक्षीस अवघ्या ६३ दिवसांत घेऊन गेली. अॅस्ट्रॅलिसचा पहिला क्रमांक गेला.

आमचे खेळाडू प्रवासाने दमतात, आम्ही निवडून खेळतो, असं संघाने सांगितलं. सप्टेंबरात बर्लिनची मेजर त्यांनी जिंकली, सलग तिसरी. तेव्हा निवडून खेळण्याचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, हेही मान्य करायला हवं. पण निवड करणाऱ्याचा एका जत्रेत पैसा गुंतलेला असेल, तर खेळाडूच्या विश्रांतीचं कारण खरं असूनही त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्या लेखी हे फार मोठं नुकसान आहे, कारण ती दमणूक खरी होती. मे २०२० मध्ये याच संघाचा कर्णधार ग्लेव्ह ताणामुळे रजेवर गेला, पाठोपाठ झिप९एक्स गेला. त्यापूर्वी असं उघडपणे सांगून थांबणारे वरच्या फळीतले खेळाडू विरळाच. चार मेजर जिंकलेली ही मुलं. ‘आम्हाला थांबायचंय’ असं त्यांनी म्हणणं मला कुठल्याही चषकापेक्षा मोलाचं वाटतं.

ही संघ आणि आयोजकांची सोयरीक व्हॉल्व्हलाही शेवटी खटकली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की २०२५ पासून मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांना संघांशी व्यावसायिक हितसंबंध ठेवता येणार नाहीत आणि निमंत्रणं क्रमवारीप्रमाणे जातील. चांगला निर्णय. मात्र स्पर्धा सोडली की क्रमवारीत मागे पडण्याची भीती आता प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. आधी मालकाच्या सोयीने खेळावं लागे, आता गुणांच्या हिशेबाने खेळावं लागतं. विश्रांतीची किंमत खेळाडूच मोजतो.

कधीकधी दुसऱ्या बाजूला आयोजक नसतो, देश असतो. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स पहिल्यांदा पदकांसाठी खेळले गेले. दक्षिण कोरियात तरुणांना साधारण दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा असते. आशियाई सुवर्णपदक मिळालं की मूलभूत प्रशिक्षण वगळता त्यातून सूट मिळते. ज्या खेळात पंचविशीतला खेळाडू ज्येष्ठ समजला जातो, तिथे दीड वर्ष म्हणजे कारकिर्दीचा मोठा तुकडाच. पण लीग ऑफ लीजंड्सची जागतिक स्पर्धा १० ऑक्टोबरपासून होती. सराव कुणाबरोबर करायचा? क्लबच्या पाच जणांबरोबर, की देशाच्या सहा जणांबरोबर? रूलर आणि कनावी हे दोन कोरियन खेळाडू चीनच्या जेडीजी संघात होते. त्या वर्षी जेडीजीने चीनच्या लीगचे दोन्ही हंगाम आणि मे महिन्यातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकलेली. जागतिक अजिंक्यपद तेवढं उरलं होतं. आणि हे दोघे हांगझोऊत कोरियाकडून चीनविरुद्ध उपांत्य सामना खेळत होते.

त्याच कोरियन संघातला नामांकित खेळाडू फेकर तर उन्हाळ्यात हाताच्या दुखण्याने चार आठवडे बाहेर बसलेला. हांगझोऊत तो आजारी पडला, महत्त्वाचे सामने त्याचा सहकारी चोवीने खेळून काढले. २९ सप्टेंबरला कोरियाने सुवर्ण जिंकलं. नोव्हेंबरात फेकरच्या टी१ या क्लबने जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत जेडीजीला हरवलं आणि १९ तारखेला सोलमध्ये विजेतेपद मिळवलं. रूलर-कनावीचं एक स्वप्न पुरं झालं, एक राहिलं. हांगझोऊमुळे राहिलं, असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण तिथे काय पणाला लागलंय हे त्या सहा जणांना ठाऊक होतं. आयुष्याची दीड वर्षं एका पारड्यात घालून त्यांनी ही निवड केली होती.

आपल्याकडे २७ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या छत्राखाली घेतलं. मान्यता मिळाली, करार मात्र होते तसेच राहिले.

सांगलीकडच्या एका मुलाचं सांगतो. बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम खेळतो. नाव घेत नाही, संस्थेचंही नाही. आई-वडील आणि तो, तिघं माझ्याकडे आले होते. शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीचा शेवटचा दिवस होता, चार मित्रांनी दोन महिने जागून तिथवर मजल मारलेली. त्याच संध्याकाळी संस्थेने प्रायोजकाचा प्रदर्शनी सामना मुंबईत ठेवला. ‘न आल्यास करारभंग’ असा निरोप. टेबलावर चौदा पानांचा करार होता, इंग्रजीत. नवव्या पानावर एक ओळ: संस्था वेळोवेळी ठरवील त्या सर्व स्पर्धांत व कार्यक्रमांत खेळाडू भाग घेईल. सही केली तेव्हा मुलगा सतरा वर्षांचा होता, शेजारी वडिलांची सही. मी ती ओळ मराठीत वाचून दाखवली. आईने विचारलं, ‘वकीलसाहेब, ह्यात पोराला विचारायचं कुठं लिहिलंय?’

कुठेच लिहिलेलं नव्हतं.

कायद्याचं थोडं बोलायला हवं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार त्याच्यावर बंधनकारक होत नाही. पण वडिलांची सही असली आणि अठरा पूर्ण झाल्यावर नवी कागदपत्रं झालेली असली, की गुंता वाढतो. त्याच कायद्याचं २७ वं कलम माणसाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारे करार रद्दबातल ठरवतं. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये याच कलमाचा आधार घेतला: मुदत संपल्यावर खेळाडूला बांधून ठेवता येणार नाही. मुदत चालू असताना मात्र ‘फक्त आमच्यासाठीच खेळ’ ही अट न्यायालयं सहसा मोडत नाहीत. म्हणजे भांडायची जागा न्यायालयात थोडी आणि सहीच्या टेबलावर जास्त. म्हणून इथे बसलेल्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, पगाराचा आकडा वाचून झाला की थांबू नका. वर्षाचे किती दिवस संस्थेचे, ते विचारा. पात्रता फेरी मध्ये आली तर काय, हेही विचारा. परीक्षा, आजारपण, देशाचं बोलावणं, यांतल्या प्रत्येकासाठी एकेक ओळ मागा. चांगली संस्था ती देते. मी देताना पाहिलं आहे.

त्या शनिवारी मुलगा मुंबईला गेला. मी दुसरं काही सांगू शकलो नाही. त्याच्या जागी मित्रांनी ऐनवेळी एक बदली खेळाडू घेतला. साडेपाचला मुलाने मला एक स्क्रीनशॉट पाठवला. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या सामन्याच्या लॉबीचा, म्हणजे सामना भरतो त्या ऑनलाइन खोलीचा आयडी-पासवर्ड आला होता. तो अजून ग्रुपमध्ये होता, म्हणून त्यालाही आला. खाली त्याने लिहिलं होतं, ‘सर, रूम ओपन झाली.’ मित्र दोन गुणांनी बाहेर पडले.

गेल्या महिन्यात त्याच्या कराराचं नूतनीकरण झालं. या वेळी तिघंही आधी आले, सहीनंतर नाही. नवव्या पानावरच्या त्या ओळीला आता एक वाक्य जोडलेलं आहे: ‘पात्रता फेरीच्या तारखांना खेळाडूच्या लेखी संमतीशिवाय अन्य कार्यक्रम ठेवला जाणार नाही.’ संस्थेने दोन दिवस घेतले आणि मान्य केलं. आईने ते वाक्य मराठीत लिहून मागितलं. मी कागदावर लिहून दिलं, तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.