जुनी ॲम्ब्युलन्स कधी बदलायची? तीन गाड्यांच्या मंडळाचा खरा हिशोब

आधी हे मागचं दार बघा. (कॅमेरा जवळ) बाहेरून पांढराशुभ्र रंग, लाल पट्टा, देणगीदारांचं नाव, सगळं नीट. आता हे खालचं रबर उचलतो. याच्याखाली प्लायवूड आहे, बोट दाबलं की आत जातंय बघा, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं. रोज आतून धुतात ना गाडी, ते पाणी खाली झिरपतं, वरून आपल्याकडची खारी हवा, आणि याच फळीत स्ट्रेचरच्या लॉकचे बोल्ट आहेत. म्हणजे गाडीने जोरात ब्रेक मारला तर पेशंट कशाच्या भरवशावर आहे? या फळीच्या.

नमस्कार मंडळी, मी लालबाग-परळ भागातल्या एका मंडळाच्या तीन ॲम्ब्युलन्सचा हिशोब बघतो. आजचा विषय हाच, की गाडी बदलायची कधी आणि कमी पैशात बदलायची कशी, कारण दर मीटिंगला एकच वाक्य येतं, "चालतेय ना, मग चालू दे". मागच्या पावसाळ्यात हिंदमाताजवळ आमची गाडी बंद पडली, आत दम लागलेल्या काकू होत्या, सगळ्यांना वाटलं पाणी शिरलं, पण गॅरेजवाल्याने उघडून दाखवलं की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, आधीच गेलेला आणि बॅटरी कशीबशी ओढत होती. दुसरी गाडी येईपर्यंत 18 मिनिटं. ड्रायव्हरदादा पूर्ण वेळ काकूंचा हात धरून बसले होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीची वही ठेवायला लागलो.

वहीत पहिली गोष्ट काय कळली सांगू? किलोमीटर फसवतात. मुंबईत ॲम्ब्युलन्स धावते कमी आणि उभी जास्त राहते. आमचे निम्मे कॉल केईएम हॉस्पिटलचे, दोन-तीन किलोमीटरचे. मीटरवर दिवसाला 30 किलोमीटर, पण एसी, सक्शन (घशातला कफ ओढून काढायचं मशीन), लाइट सगळं चालू ठेवून इंजिन पाच-सहा तास घरघरतंय, कधी गेटवर, कधी सिग्नलला. अमेरिकेतल्या फ्लीटवाल्यांचा ठोकताळा आहे की एक तास उभ्या उभ्या इंजिन चालणं म्हणजे साधारण 25 ते 33 मैल पळण्याइतकी झीज, आपल्या भाषेत 40 ते 53 किलोमीटर. म्हणजे तीन तास नुसती उभी राहिली तर 30 च्या जागी दीडशे किलोमीटर धरा. आणि 2020 नंतरच्या बीएस 6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाच्या, डिझेल गाड्यांना धुराचा फिल्टर असतो, त्यात काजळी साठते, ती जळायला गाडी थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. परळच्या गल्लीत ती पळणार कुठे, मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि आपण तो आठ-आठ दिवस बघत बसतो. आमचे ड्रायव्हरदादा आता पहाटे ट्रॅफिक नसताना इस्टर्न फ्रीवेवर एक फेरी मारून आणतात, डिझेल जातं, पण फिल्टर बदलायचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे.

आता पैसे. आकडे मी समजायला घेतोय, तुम्ही तुमचे घाला. समजा गाडी 20 लाखांची. पाच वर्षांनी 6 लाखांना विकली तर वर्षाला 2 लाख 80 हजार गेले, वर रिपेअर साधारण 60 हजार, म्हणजे 3 लाख 40 हजार. आठ वर्षं ठेवली, अडीच लाखांना गेली, तर वर्षाला 2 लाख 19 हजार अधिक रिपेअर 90 हजार, म्हणजे 3 लाख 9 हजार. बारा वर्षं ओढली, भंगाराच्या भावात 80 हजार मिळाले, तर वर्षाला 1 लाख 60 हजार, पण रिपेअर 1 लाख 90 हजारांवर जातं, बेरीज साडेतीन लाख. म्हणजे जुनी वापरून पैसे वाचले असं जे वाटतं ते एका टप्प्यानंतर खरं नसतं, आणि यात गाडी गॅरेजला उभी असताना आपण किती कॉलना नाही म्हणालो ते मी धरलेलंच नाहीये, ते रुपयात मांडताच येत नाही. व्यावसायिक गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी असतं, नंतर दरवर्षी, म्हणून आठवं वर्ष जवळ आलं की हा हिशोब काढायचाच. सरकारी गाड्यांना तर एप्रिल 2023 पासून 15 वर्षांनंतर रजिस्ट्रेशन वाढवूनच मिळत नाही, पण आपल्या ट्राफिकमध्ये 15 वर्षांची वाट बघणं मला पटत नाही.

दुसरी चूक, आणि ही आमच्याच मंडळाने केली, दोन गाड्या एकाच वर्षी घेतल्या कारण देणगी एकदम आली. आता दोन्ही एकदम म्हाताऱ्या. हे मोठ्या ताफ्यालाही चुकत नाही. आपल्या राज्याची 108 सेवा 2014 ला सुरू झाली, 937 गाड्या, त्यातल्या 233 ॲडव्हान्स (गंभीर पेशंटसाठी जास्त सामान असलेल्या) आणि 704 बेसिक, आणि इतक्या गाड्या थोड्या काळात रस्त्यावर आल्या की झिजतातही थोड्याच काळात. तीन गाड्या असतील तर दर तीन वर्षांनी एक बदला, म्हणजे फंड सावकाश जमतो आणि एक गाडी कायम नवी राहते.

आता सगळ्यात जास्त पैसा वाचतो तो भाग. अमेरिकेत बऱ्याच ॲम्ब्युलन्सचा मागचा डबा वेगळा असतो, खालची चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा सांगाडा, संपली की डबा उचलून, दुरुस्त करून नव्या चासीवर बसवतात, त्याला रीमाउंट म्हणतात. आपल्याकडे बहुतेक गाड्या म्हणजे बंद व्हॅन, पत्रा, छप्पर, फ्लोअर सगळं एकसंध, डबा सुटत नाही. आणि टेम्पोच्या चासीवर वेगळा डबा असला तरी आरटीओच्या परवानगीशिवाय ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून असलं काही करून घेऊ नका, प्लीज. पण डबा नाही तरी आतला संसार सुटतो ना! स्ट्रेचर, सक्शन मशीन, मॉनिटर, डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं मशीन), ऑक्सिजन सिलिंडर, यांचं वय गाडीच्या वयाशी बांधलेलं नाही. सिलिंडरची पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, होते, मानेवर तारीख ठोकलेली असते, ती बघा. डिफिब्रिलेटरचं बऱ्याचदा बॅटरी बदलून भागतं. त्यामुळे कोटेशन मागताना फुल पॅकेज मागू नका, गाडी आणि फॅब्रिकेशन (आतली बांधणी) वेगळं, सामान वेगळं, आणि जे आपल्याकडे चांगलं आहे त्याची यादी आधी द्या. फक्त स्ट्रेचर जुना वापरणार असाल तर त्याचं लॉक नव्या फ्लोअरच्या माउंटला नीट बसतं का ते बॉडीबिल्डरकडे स्वतः उभं राहून बघा, कट्ट असा आवाज आला पाहिजे. 2018 पासून ॲम्ब्युलन्सला एआयएस 125 हे स्टँडर्ड लागू आहे, त्याचं सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. आणि हो, 22 सप्टेंबर 2025 पासून ॲम्ब्युलन्सवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, जुनं कोटेशन धरून बसला असाल तर नवीन मागवा.

अजून एक, प्रत्येक कामाला मोठी गाडी कशाला? डायलिसिसच्या फेऱ्या, डिस्चार्ज, यांना छोटी सीएनजी गाडी पुरते, मोठीची झीज कमी होते. मुंबईत 2017 पासून बाइक ॲम्ब्युलन्स सुरू झाल्या त्याही याच विचाराने, की चाळीच्या बोळात आधी माणूस आणि ऑक्सिजन पोचू दे.

देणगीदारांना मी हात जोडून एक विनंती करतो. नव्या गाडीला पैसे मिळतात, टायरला मिळत नाहीत. आमच्याकडे एका आजींनी गेल्या वर्षी फक्त बॅटरी आणि चार टायरचे पैसे दिले, नाव लावू नका म्हणाल्या. त्या गाडीने त्यानंतर एकही कॉल चुकवला नाही.

ही मागची गाडी पुढच्या महिन्यात जातेय. स्ट्रेचर आणि सक्शन काल नवीन गाडीत बसवून झालं, लॉकचा आवाज मी तीनदा ऐकला. आज सिलिंडर हलवायचेत, दादा, ते पाने द्या जरा इकडे.