दोनशे बासष्टावा भिडू

(दृश्य: कॅलिफोर्निया, सनीव्हेल. घराचं गॅरेज, शटर अर्धं वर. गाडी बाहेर रस्त्यावर, तिच्या जागी जुना सोफा आणि भिंतीला टेकवलेला टीव्ही.)

शनिवार, २६ एप्रिल २०२५. दुपार कलायला लागली आहे. पातेल्यातल्या चिवड्यात आता फक्त तळाचे शेंगदाणे उरलेत. चार माणसं सकाळी नवापासून इथे बसली आहेत आणि समोरच्या टीव्हीवर कुणीही खेळत नाहीये. नुसती नावं वाचली जातायत.

गाव आहे विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे. प्रसंग आहे एनएफएलचा ड्राफ्ट. एनएफएल म्हणजे अमेरिकी फुटबॉलची लीग. तो अंडाकृती चेंडूचा, हेल्मेटवाला फुटबॉल. आपण पावसात चिखलात खेळतो तो नव्हे. कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू ३२ संघ आपसांत वाटून घेतात, त्याचा हा सोहळा. आयपीएलसारखी बोली इथे लागत नाही. गेल्या मोसमात जो तळाला गेला त्याला पहिला हक्क, विजेता रांगेत शेवटी. अशा सात फेऱ्या. एकेका निवडीच्या हक्काला म्हणतात पिक. गुरुवारी पहिली, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, आणि उरलेल्या चार एकदम शनिवारी. नवे कोरे सूट घालून आलेली पोरं गुरुवारीच मिरवून गेली. आज उरलेल्यांचा दिवस आहे.

आणि या गॅरेजच्या दृष्टीने खरा दिवस आजचाच.

"रुर्क? गुडघा फाटलेला पोरगा घेतला?"

ही घरातली लेक. जन्म इथलाच, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची जर्सी अंगात, आणि वाद घालताना मराठी अगदी सातारी.

"बसू दे की वर्षभर बाकावर. सातव्या फेरीचा पिक आहे, फुकटचा."

"फुकट काही नसतं, बाबा. त्या जागी गार्ड आला असता. पर्डीला वाचवणार कोण? तू?"

२२७व्या क्रमांकावर फोर्टीनाइनर्सनी कर्टिस रुर्क नावाचा क्वार्टरबॅक उचलला आहे. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, डाव चालवणारा गडी. पर्डी हा संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक. कॅनडाचा पोरगा. इंडियाना विद्यापीठाकडून २०२४च्या मोसमात तो गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना खेळला आणि संघाने ११ सामने जिंकले. गार्ड म्हणजे क्वार्टरबॅकच्या समोर भिंत धरून उभे राहणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांपैकी दोघं. जर्सी त्यांची सहसा कुणी विकत घेत नाही. भिंत पडली की मात्र सगळ्यांना त्यांचीच नावं आठवतात.

सोफ्यावर दोन तट पडले आहेत. संघात जी जागा रिकामी आहे तीच भरावी, हा एक पक्ष. हाती लागतोय त्यातला सगळ्यात चांगला खेळाडू घ्यावा, जागेचं नंतर बघू, हा दुसरा. हा वाद अमेरिकेत घरोघरी चालतो आणि कुठेही मिटत नाही.

(दृश्य: सँटा क्लारा, लिव्हाइज स्टेडियम. रिकाम्या खुर्च्या, बाजूने जाणारी लोकल ट्राम.)

संघाचं नाव सॅन फ्रान्सिस्कोचं, पण २०१४पासून घर इथे, सँटा क्लारामध्ये. आजूबाजूला चिप आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या. एल कमिनो रियाल या रस्त्यावर भारतीय किराणा दुकानं. पुण्या-मुंबईहून, साताऱ्या-सांगलीहून आलेले इंजिनिअर याच पट्ट्यात घरं करून राहिले. त्यांतले बहुतेक आजही क्रिकेटचेच, पण मुलं शाळेत जाऊन लाल-सोनेरी रंग घेऊन घरी आली, आणि बापांना नाइलाजाने नियम शिकावे लागले. नाइलाजाने सुरू झालेल्या गोष्टीचं व्यसन लवकर लागतं.

आता एक गोष्ट स्वच्छ सांगतो. पहिल्या फेरीवरचा वाद हा उसना वाद असतो. तिथल्या खेळाडूंवर टीव्हीवरचे तज्ज्ञ चार महिने बोलत असतात. फॅन तेच ऐकतो आणि तेच दुसऱ्याला ऐकवतो. सहाव्या-सातव्या फेरीतल्या पोरांच्या वाट्याला तज्ज्ञाचं अर्धं मिनिट येतं. तिथे फॅनला स्वतः शोधावं लागतं, कुठल्यातरी आडगावच्या कॉलेजचे सामने रात्री जागून पाहावे लागतात. म्हणून तिथलं मत त्याच्या घामाचं असतं, आणि म्हणूनच तो त्यासाठी भांडतो.

हिशेब पाहिला तर भांडण्यासारखं काही नाहीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजनी पिकांची अदलाबदल करण्यासाठी एक तक्ता बनवला. त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन, त्यांचा तक्ता म्हणून तो ओळखला जातो. त्यात पहिल्या पिकाला ३००० गुण. तिसऱ्याला २२००. आणि सातव्या फेरीच्या शेपटाला दोन गुण, एक गुण. एवढ्याशा चिल्लरवरून माणसं जेवण थंड करतात.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. न्यूपोर्ट बीच, उघड्या गाडीतून हात हलवणारा खेळाडू.)

त्या चिल्लरीतलं शेवटचं नाणं म्हणजे ड्राफ्टमधला अगदी अखेरचा खेळाडू. त्याला 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात. आपल्याकडे म्हणायचं तर श्रीयुत नगण्य. हे नाव १९७६मध्ये पॉल सलाटा यांनी पाडलं. ते स्वतः कधीकाळी फोर्टीनाइनर्सकडून खेळलेले. त्या वर्षी शेवटचा क्रमांक होता ४८७, कारण तेव्हा फेऱ्या १७ असत. सलाटांनी त्या शेवटच्या पोराला न्यूपोर्ट बीचला बोलावून त्याचा आठवडाभर सत्कार केला आणि ती प्रथाच पडली. मिरवणूक असते. करंडकही असतो. कॉलेज फुटबॉलचा मानाचा करंडक हाइजमन, त्याची नक्कल म्हणून हा 'लोजमन', आणि त्यावरच्या पुतळ्याच्या हातून चेंडू सुटतोय.

गल्लीत टीम पाडताना सगळ्यात शेवटी उरणारा आठवतो? दोन कप्तान एकमेकांना म्हणायचे, "घे तूच." त्याला बॅटिंग मिळायची शेवटी, कधी मिळायचीही नाही. लिंबूटिंबू. मीही होतो त्यातला एक. म्हणूनच बहुधा मला पहिल्या क्रमांकापेक्षा या शेवटच्याचं कौतुक जास्त.

(दृश्य: गॅरेज. एका जुन्या दैनंदिनीचं पान.)

घराच्या धन्याकडे ही वही आहे. एका सहकारी बँकेची २००३ सालची दैनंदिनी, कव्हरचा कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा. गेली बावीस वर्षं ते तीत उशिराच्या फेऱ्यांचे अंदाज लिहितायत. तारखांशी काही संबंध नाही, जिथे पान कोरं दिसेल तिथे. निळी शाई म्हणजे घ्यावा. लाल म्हणजे घेऊ नये.

२०२१चं पान पाहा. त्या वर्षी संघाने दोन रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे गडी, घेतले. तिसऱ्या फेरीत ट्रे सर्मन, ८८वा. सहाव्या फेरीत एलायजा मिचेल, १९४वा. वहीत सर्मन निळा, मिचेलचं नावच नाही. पहिल्या मोसमात चेंडू घेऊन ९६३ यार्ड धावला तो मिचेल. सर्मनला पुढच्याच वर्षी संघाने सोडून दिलं.

मग २०२२. ३० एप्रिलचा शनिवार. त्या वर्षी फोर्टीनाइनर्सकडे पहिल्या फेरीचा पिकच नव्हता. ट्रे लान्स नावाच्या क्वार्टरबॅकला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी आदल्या वर्षी त्यांनी पहिल्या फेरीचे तीन पिक दिले होते. सगळा जीव लान्समध्ये अडकलेला. आणि ड्राफ्टच्या अगदी शेवटी, २६२व्या क्रमांकावर, त्यांनी आयोवा स्टेटचा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. ब्रॉक पर्डी.

वहीत त्यासमोर लाल शाईत एकच शब्द आहे: "कशाला?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचंय. सातव्या फेरीतली बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांत लीगबाहेर असतात. पुष्कळांना तर पहिल्या मोसमाआधीच ऑगस्टमध्ये घरी पाठवतात. ड्राफ्ट संपला की लगेच फोन सुरू होतात, उरलेल्यांना संघ थेट करारावर घेतात. म्हणून काही एजंट तर म्हणतात, सातव्या फेरीत जाण्यापेक्षा न निवडलेलं बरं, निदान संघ आपल्या मर्जीचा तरी बघता येतो.

पण मग झालं ते असं. १८ सप्टेंबरला लान्सचा घोटा मोडला. ४ डिसेंबरला जिमी गारोपोलोचं पाऊल मोडलं. तिसरा कोण, तर श्रीयुत नगण्य. पुढच्या रविवारी समोर टाम्पा बे, आणि टाम्पा बेकडून टॉम ब्रेडी.

इथे जरा थांबतो, कारण या गावची जुनी जखम हीच आहे. ब्रेडी इथलाच, सॅन मटेओचा, लहानपणी फोर्टीनाइनर्सचा भक्त. २०००च्या ड्राफ्टमध्ये याच संघाने तिसऱ्या फेरीत दुसराच क्वार्टरबॅक घेतला, जिओव्हानी कारमाझी. ब्रेडी सहाव्या फेरीपर्यंत पडून राहिला आणि १९९वा म्हणून न्यू इंग्लंडला गेला. सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकला. कारमाझी लीगचा एकही सामना खेळला नाही. इथल्या जुन्या फॅनसमोर हे नाव काढू नये.

ब्रेडी निवडला गेला तेव्हा पर्डी साडेतीन महिन्यांचा होता. ११ डिसेंबर २०२२ला दोघं समोरासमोर आले. फोर्टीनाइनर्स ३५, टाम्पा बे ७. स्टँडमध्ये पर्डीचे वडील डोळे पुसत होते आणि कॅमेऱ्याने ते अचूक टिपलं. सुरुवातीपासून खेळलेले पहिले सातही सामने पोरगा जिंकला. आठव्यात, फिलाडेल्फियात, कोपराचा लिगामेंट फाटला. बदली खेळाडूही जखमी झाल्यावर त्याला तसाच पुन्हा मैदानात उतरवलं, तर चेंडू फेकताच येईना. हरले. वर्षभरात तो बरा होऊन परत आला आणि संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. ११ फेब्रुवारी २०२४, लास व्हेगस. कॅन्सस सिटीकडून जादा वेळेत २५–२२ अशी हार. लान्सला त्याआधीच डॅलसला पाठवलं होतं, बदल्यात चौथ्या फेरीचा एक पिक.

आता पैशाचं बघा. प्रत्येक संघाने खेळाडूंवर किती खर्चायचे याला लीगची मर्यादा आहे. २०२३ला ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. त्यातून पर्डीला त्या वर्षी मिळाले ८ लाख ७० हजार. क्वार्टरबॅक जवळपास फुकट, म्हणून उरलेल्या पैशात बाकीचे तालेवार गडी सांभाळता आले. म्हणजे पोरगा उशिरा निवडला गेला, हीच संघाची कमाई. पोराची नव्हे.

आणि एक तोटाही झाला, त्याबद्दल कुणी बोलत नाही. पर्डीने या गॅरेजमधला वादच नासवला. आता सातव्या फेरीत कुठलाही क्वार्टरबॅक आला की कुणीतरी म्हणतंच, "कुणी सांगावं, हाच पुढचा पर्डी असेल." यावर बोलायला काही उरतच नाही. अपवाद दाखवून तोंड बंद करणं हा वादातला रडीचा डाव आहे, आणि आज दुपारी बाबा नेमका तोच खेळतायत.

(दृश्य: टीव्हीचा पडदा, लेकीचा चेहरा.)

२४९. पुन्हा फोर्टीनाइनर्सची पाळी. सातव्या फेरीत प्रत्येक संघाला चार मिनिटं मिळतात. लेक सोफ्यावरून उठून उभी राहिली आहे. शेजारचे काका म्हणतात, "किकर घेतील बघ आता," आणि सगळे त्यांच्यावर ओरडतात.

कॉनर कोल्बी. आयोवा विद्यापीठ. गार्ड.

गॅरेजात असा काही आरडाओरडा होतो की आईसाहेब आतून दार उघडून पाहतात, काय झालं. काही नाही, म्हणे, गार्ड मिळाला. दार बंद होतं.

"आकडा बघितलास का?" बाबा म्हणतात. "२४९. ड्वाइट क्लार्कचा."

१९७९ साली दहाव्या फेरीत क्लार्क याच क्रमांकावर या संघाकडे आला होता. प्रशिक्षक बिल वॉल्श गेले होते क्लेमसनचा क्वार्टरबॅक पाहायला. त्याने फेकलेले चेंडू पकडायला कुणीतरी हवं म्हणून क्लार्क उभा राहिला, आणि वॉल्शच्या मनात भरला तो झेलणाराच. १० जानेवारी १९८२ला, सामना संपायला मिनिटभर उरलेलं असताना, त्याने उंच उडी मारून बोटांच्या टोकांवर जो झेल घेतला, त्यावर संघ पहिल्यांदा सुपर बोलला गेला. स्टेडियममध्ये तेव्हा चार वर्षांचा टॉम ब्रेडीही होता.

"आकड्यांनी कोण मोठं होत नाही, बाबा."

"मी कुठं म्हणतोय? मी नुसतं सांगितलं."

पण त्यांनी ते नुसतं सांगितलेलं नाही, हे तिला कळतं.

२५७वा, यंदाचा श्रीयुत नगण्य, न्यू इंग्लंडला गेला. मेम्फिसचा कोबी मायनर. टीव्ही बंद झाला. तीन आठवड्यांनी पर्डीचा नवा करार होणार होता, पाच वर्षं, २६ कोटी ५० लाख डॉलरपर्यंत. आणि तो एवढ्या लायकीचा आहे का, यावर याच सोफ्यावर नवं भांडण होणार होतं. त्याच मोसमात कोल्बी काही सामने सुरुवातीपासून भिंतीत उभा राहिला.

त्या संध्याकाळी मात्र कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पाहुणे गेले, खुर्च्या आत गेल्या. बाबांनी वही काढली, २२७समोर निळ्या शाईत रुर्कचं नाव लिहिलं आणि पेन खिशाला लावायला गेले. लेकीने ते हातातून काढून घेतलं. २४९समोर तिने कोल्बी लिहिलं, खाली तारीख घातली, आणि शेजारी आपली सही केली. बँकेच्या फॉर्मवर करतात तशी, पूर्ण नावानिशी.