दोन महिने शिवला नव्हता, मग आता काय झालं?

(मालवण तालुक्यातल्या एका मच्छीमार वस्तीत व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मागे उभे असलेल्या भावांनी पुढे येऊन बसा. दारूवर बोलणार म्हटलं की दाराशी उभं राहायची पद्धत मला ठाऊक आहे.

दारू वाईट हे मी सांगणार नाही. ते इथल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि पिणाऱ्यांनाही. मला बोलायचंय ऑगस्टबद्दल. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जेटीवर शुकशुकाट, खिशात पैसा नाही. याच दिवसांत पुष्कळ जण दारू सोडतात. कुणी केंद्रात राहून, कुणी आईची शपथ घेऊन. मग बंदी उठते, बोट पहिली मासळी घेऊन येते आणि त्याच संध्याकाळी हा झिंगत घरी. बायको मला विचारते, "डॉक्टर, दोन महिने शिवला नव्हता, मग आता काय झालं?"

तिनं धरून चाललेलं असतं की दिवस गेले तशी तलफही गेली. अंगाचा त्रास जातो, ते खरं. हाताची थरथर, घाम, उलट्या बहुतेकदा आठवडाभरात आटोक्यात येतात. (रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र घरच्या घरी एकदम सोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरकडे जा.) तलफेचा हिशेब वेगळा आहे. २००१ साली संशोधकांनी कोकेनची सवय लागलेल्या उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोकेन बंद करून काही काळानं त्यांना कोकेनसोबत मिळत आलेली खूण पुन्हा दाखवायची आणि ते कोकेनसाठी किती धडपडतात ते मोजायचं. दुसऱ्या दिवशीपेक्षा महिन्यानं धडपड जास्त आणि साठाव्या दिवशी त्याहून जास्त! पुढे माणसांत सिगारेट आणि दारूबाबत झालेल्या काही अभ्यासांतही याच्याशी जुळणारं चित्र दिसलं. आपली बंदी एकसष्ट दिवसांची. म्हणजे आपला माणूस जेटीवर परततो तो नेमका कधी, बघा.

खूण म्हणजे काय? इथल्या एका तांडेलाचं, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याचं सांगतो. पावसाळाभर कोरडा राहिलेला माणूस. पहिल्या फेरीची मासळी उतरली, लिलाव झाला, बर्फाचा चुरा पायाखाली, डिझेलचा वास, आणि मालकानं शंभराच्या नोटा मोजून हातावर ठेवल्या. नोटा हातात आल्या आणि तोंडाला पाणी सुटलं. तो मला म्हणाला, "पाय आपसूक थंय वळले, माका कळूकच नाय." घरच्यांना ही थाप वाटली. मला वाटली नाही.

वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूत डोपामिनच्या, म्हणजे ओढ लावणाऱ्या रसायनाच्या, पेशी काय करतात ते तपासलं. सुरुवातीला गोड रस तोंडात पडला की त्या पेशी चेततात. पण रसाआधी दर वेळी ठरावीक खूण मिळाली की काही दिवसांनी त्या खुणेलाच चेततात, रसाला नाही. तांडेलाच्या मेंदूत ही खूण म्हणजे नोटा होत्या. बाटली अजून दुकानातच होती.

अंगही यात सामील असतं. अमेरिकेत लेक्सिंग्टनला सरकारी इस्पितळात अफू-हेरॉईनच्या व्यसनींना ठेवत. तिथं अब्राहम विक्लर या डॉक्टरांना १९४०च्या दशकात दिसलं की कित्येक महिने नशा न केलेली माणसं गटात नुसती नशेची गोष्ट काढली तरी जांभया देऊ लागतात, डोळ्यांना, नाकाला पाणी येतं. आत असताना ठणठणीत असलेली माणसं आपल्या जुन्या गल्लीत गेली की पुन्हा सुरू.

याची उलट बाजू व्हिएतनामच्या युद्धात लढलेल्या सैनिकांत दिसली. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ साली परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा माग काढला. तिकडे असताना पाचांत एक जण अफू-हेरॉईनच्या आहारी गेलेला. सरकार घाबरलं होतं. पण त्यांतले पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शंभरात पाचेक. जंगल, छावणी, स्वस्त हेरॉईन, सोबतचे पोरगे, सगळं मागे राहिलं. इथं घाई नको. अमेरिकेत हेरॉईन महाग होतं, घरी माणसं वाट बघत होती, ही कारणंही आहेतच. पण आपल्याकडे नेमकं उलटं होतं हे लक्षात घ्या. आपण माणसाला पुण्या-कोल्हापूरच्या केंद्रात नेतो, तो तिथं बरा होतो आणि आपण त्याला परत त्याच्या व्हिएतनामात आणून सोडतो. केंद्रात तो दारूला "नाही" म्हणायला शिकला, तो त्या चार भिंतींत. खुणा आणि दारू यांची जुनी ओळख पुसली जात नाही, ती फक्त दबते. जागा बदलली की वर येते. म्हणून केंद्रातून आल्यावरचे पहिले आठवडे मला जास्त धास्तीचे वाटतात. नेमका तेव्हाच घरच्यांचा पहारा सुटतो.

तंबाखूचंही तेच. जाळं सांधता सांधता हात थांबला की आंगठा रिकाम्या तळव्यावर फिरू लागतो. तळव्यात चिमूटभरही नसते. बघा कधी निरखून.

तलफ आली म्हणजे प्यायलाच हवं असं नाही. अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी तिला लाट म्हटलं: चढते, फुटते, उतरते. बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ माणूस कुठे आणि कुणाबरोबर आहे, यावर सगळं. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही असतात. ती डॉक्टर ठरवतील.

शेवटी एका ताईंनी विचारलं, "आम्ही नेमकं करायचं काय? जेटी तर बंद करू शकत नाही."

नाही करू शकत, आणि त्याला दुसरा धंदा कर म्हणणंही सोपं नाही. पण नारळी पौर्णिमेच्या आधी, नवरा शुद्धीत असताना, दोघांनी मालकाकडे जा. हिस्सा रोख हातात नको, बायकोच्या खात्यावर टाका म्हणा. उचलही तशीच. लिलाव संपायच्या सुमारास पोरानं किंवा भावानं गाडी घेऊन जेटीवर हजर राहायचं आणि गुत्त्यावरून न जाता वरच्या रस्त्यानं आणायचं, निदान दिवाळीपर्यंत. येताना भूक लागलेली असते, तर गाडीतच खायला द्या. रिकाम्या पोटी तलफ जोर करते. गणपतीत चाकरमानी बाटल्या घेऊन येतात, त्यांना आधीच फोन करून सांगा. आणि हे सगळं नवऱ्याच्या पाठीमागे करू नका, त्याला विचारून ठरवा. नाहीतर तो वरच्या रस्त्यावरही दुकान शोधील. मालकाशी बोलायला जड जात असेल तर आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना सोबत न्या. त्यांना कुणाची भीड नाही.