तानपुऱ्याच्या आधी

(पहाटेचे पाच. अंधारी खोली. स्विचचा खटका.)

सांगलीतल्या आमच्या घरात दिवस सुरू होतो तो या खटक्याने. आधी प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा, मग रेकॉर्ड प्लेअर, आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप सगळ्यात शेवटी. रात्री बंद करताना बरोबर उलटं. क्रम चुकला तर स्पीकरमधून असा धाडकन आवाज येतो, की पुन्हा चुकायची छाती होत नाही.

प्रीअँपच्या जाळीखाली अंगठ्याएवढे सहा व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या आहेत, १२एएक्स७ जातीच्या. त्या हळूहळू तांबूस होत जातात. मी लगेच रेकॉर्ड लावत नाही, वीस मिनिटं जाऊ देतो. तेवढ्यात चहा होतो.

ही मांडणी जुनी आहे. १९५८ साली न्यूयॉर्कच्या सॉल मॅरँट्झ यांच्या कंपनीने ‘मॉडेल ७’ बाजारात आणला. सिडनी स्मिथ यांच्या हातचं ते सर्किट, त्यातही हेच सहा व्हॉल्व्ह. आमचा प्रीअँप त्याच वळणावर बांधलेला आहे. घेतला तेव्हा त्या पैशांत चांगली मोटरसायकल आली असती. त्याचं मला आजवर एकदाही वाईट वाटलेलं नाही.

(सुईचं टोक, अगदी जवळून.)

ही सुई खाचेतून फिरते तेव्हा तिच्यातून निघतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. पॉवर अँपला लागतो एखादा व्होल्ट. म्हणजे शेकडो पटींनी वाढवायचं, आणि वाढवताना काही मिसळू द्यायचं नाही. त्यात आणखी एक मेख आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेसं गाणं मावणार नाही. टिपेचे स्वर उलट उचलून कापतात. किती दाबायचं, किती उचलायचं, याचं आरआयएए हे प्रमाण, अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचं, १९५४ मध्ये ठरलं. प्रीअँप ते सगळं परत जागेवर आणतो. २० हर्ट्झपाशी ही दुरुस्ती जवळजवळ दहापट असते.

पण खर्ज उचलला की त्याच्याबरोबर विजेचं हमिंगही, म्हणजे तिची सततची घूं-घूंही, उचललं जातं. आपली वीज ५० हर्ट्झची. तिथे मधल्या स्वरांच्या मानाने प्रीअँप सातपट जास्त जोर लावतो.

एका मे महिन्यात आमच्याकडे ते हमिंग आलं. ५० आणि १०० हर्ट्झ, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर. गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर हा आवाज तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. तानपुरा सुरू झाला की कानाला नुसतं टोचत राहतं. मी व्हॉल्व्ह बदलले, केबली बदलल्या, रेकॉर्ड प्लेअरची अर्थची तार दहा वेळा घट्ट केली. काही फरक नाही. शेवटी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी प्रीअँपकडे बघितलंसुद्धा नाही. थेट परसात गेले आणि विचारलं,

“खड्ड्याला पाणी कधी घातलंय शेवटचं?”

अर्थिंगचा खड्डा. मीठ-कोळसा भरलेला, उन्हाने कोरडा ठक्क पडलेला. दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी स्पीकरला कान लावून बसलो, तर हमिंग गेलेलं!

(बोटं व्हॉल्यूमच्या बटणावर. टक्, टक्, टक्.)

हे बटण २४ टप्प्यांचं आहे, प्रत्येक टप्प्याला वेगळे रेझिस्टर. साध्या व्हॉल्यूममध्ये अगदी बारीक आवाजावर डावं-उजवं सारखं राहत नाही, तानपुरा एका बाजूला कलतो. आणि मी ऐकतो ते बारीक आवाजातच, कारण पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते. माझ्या मते प्रीअँपची खरी पारख इथेच होते, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर. मोठ्या आवाजात बरेच प्रीअँप छान वाटतात.

(सुई खाली येते. हलकी खरखर.)

मग चार तारा. पंचम, षड्जाच्या दोन जोड, आणि खर्ज. खर्जाची तार छेडल्यावर तिची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झंकार, उलगडत जाते, एकेक स्वर वर येतो, आणि तो विरायच्या आत पंचम पुन्हा लागतो.

पलीकडून आईचा आवाज येतो.

“थोडं वाढव रे.”

टक्.